शौच आणि शुश्रूषा

मराठी माणूस मलविसर्जनाचा उल्लेख करतो तो बहुधा दिशेच्या आधाराने. ‘परसाकडे जाणे’, ‘बहिर्दिशेस जाणे’ या प्रयोगांत क्रियेचे नाव येतच नाही. येते ते ती जेथे उरकायची त्या जागेचे, आणि ती जागा घराबाहेरची असते. प्रतिष्ठित भाषेत याच क्रियेला ‘शौच’ हा शब्द लाभला. वस्तुतः त्याचा मूळ अर्थ शुचिता असा आहे. मळाला निर्मळतेचे नाव देऊन आणि त्याला परसात धाडून भाषेने घर सोवळे राखले. ज्याच्या पोटावर शस्त्रक्रियेने उत्सर्जनाचे नवे द्वार केलेले आहे, असा माणूस या व्यवस्थेत कोठेच बसत नाही. परसातले त्याच्या पोटावर आलेले असते. पंगतीत, देवळात, एसटीच्या बाकावर ते त्याच्यासोबत असते आणि त्याला ते आवरून धरता येत नाही, कारण या द्वाराला आवरणारा स्नायूच नसतो.

वैद्यकात या द्वाराला ‘स्टोमा’ म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मुख’. गालाच्या आतल्या बाजूसारखे ते लाल आणि ओलसर असते. त्याला स्पर्श झाला तरी दुखत नाही, कारण वेदना जाणवून देणारे तंतू तेथे नसतात. दुखते ते भोवतालच्या कातडीचे. मोठ्या आतड्याचे टोक बाहेर आणले असेल तर उत्सर्ग बराचसा घट्ट असतो. लहान आतड्याचे असेल तर तो पातळ असतो, त्यात पाचक रस असतात, आणि पिशवी नीट चिकटलेली नसली की हे रस त्वचाच पचवू लागतात. इंग्लंडमधील शल्यविशारद ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये आतड्याचे टोक बाहीसारखे उलटे दुमडून शिवण्याची रीत मांडली, तेव्हा कुठे लहान आतड्याची शस्त्रक्रिया सुसह्य झाली. याच दशकात अमेरिकेत त्वचेच्या रक्षणासाठी कराया डिंकाची पूड वापरात आली. हा डिंक कांडोळीच्या झाडाचा. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर पांढऱ्या खोडामुळे भुतासारखे दिसणारे हे झाड मध्य भारतातील रानांत आढळते, आणि त्याचा डिंक गोळा करतात ते आदिवासी.

जीव शल्यविशारदांनी वाचवला. त्या जिवाने दुसऱ्या दिवशी बाजारात कसे जावे, हा प्रश्न मात्र वेगळ्याच माणसांनी हाती घेतला. डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सेन यांची बहीण शस्त्रक्रियेनंतर गळतीच्या धास्तीने घराबाहेर पडेनाशी झाली. १९५४ मध्ये त्यांनी चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली ती या बहिणीसाठी. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना या रुग्णांच्या मदतीसाठी नेमले. गिल स्वतः टर्नबुल यांच्याच रुग्ण होत्या, त्यांच्याही पोटावर पिशवी होती. या शाखेचा उगम असा एका नात्यात आणि एका स्वानुभवात आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

भारतीय परंपरेने जुगुप्सेचा विचार दोन ठिकाणी गंभीरपणे केलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात ती बीभत्स रसाचा स्थायीभाव आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत ती शौचाचे फळ आहे. शुचिता अंगी बाणली की साधकाला स्वतःच्या देहाची जुगुप्सा वाटू लागते आणि परदेहाचा संसर्ग तो टाळतो, असे पतंजलीचे म्हणणे. दोन्हीकडे जुगुप्सा अनुभवणाऱ्याला एक सोय उपलब्ध आहे. प्रेक्षक रंगमंचापासून अंतरावर बसलेला असतो आणि साधकाला निघून जाता येते. ओल्या चादरीशी उभ्या असलेल्या सुनेला किंवा परिचारिकेला हे अंतर नाही. अर्थात सवयीने जुगुप्सा ओसरते. दहा-पंधरा दिवसांत नाकाला वास सरावतो, हातांना काम उमजते. पण परिचर्या करणाऱ्याची जुगुप्सा सवयीने गेली म्हणून रुग्णाची लाज जातेच असे नाही. तो पिशवीकडे पाहत नसतो, पिशवी काढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतो.

येथे ‘सेवा’ या आपल्या आवडत्या शब्दाची तपासणी करणे भाग आहे. सेवेची आपल्याकडील बहुतेक आख्याने सेवकाची आख्याने आहेत: त्याने घृणा कशी जिंकली, त्याचा अहंकार कसा गळाला. गांधीजींनी आत्मकथेत डर्बनमधील १८९८ चा एक प्रसंग निर्भीडपणे सांगितला आहे. घरी राहणाऱ्या, पंचम समाजात जन्मलेल्या एका ख्रिस्ती कारकुनाचे मूत्रपात्र उचलणे कस्तुरबांना सोसेना. त्यांनी ते रडत उचलले. गांधीजींना मात्र ते हसतमुखाने उचललेले हवे होते, आणि संतापाच्या भरात ते पत्नीला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत घेऊन गेले. कस्तुरबांच्या घृणेत विटाळाची भावना होती हे खरे, आणि हसू हुकमाने मागणारा पतीही चुकत होता हेही खरे. गांधीजींनी ते लपवलेले नाही. त्या प्रसंगात बोलत नाही तो फक्त कारकून. ज्याच्या पात्रावरून हे रामायण घडले त्याला त्या क्षणी काय वाटले असेल, हा प्रश्न सेवेच्या आख्यानाला पडत नाही. दुसऱ्याच्या आत्मशुद्धीचे साधन होणे हाही एक अपमान असू शकतो.

याउलट ‘शुश्रूषा’ हा शब्द पाहावा. ‘श्रु’ धातूच्या या इच्छार्थक रूपाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. त्यांपैकी परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे गुण असावेत. रुग्णाच्या गुणांत मात्र आपली व्यथा सांगता येणे हाही एक गुण गणला आहे. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे, ही जोडी चरकाला अभिप्रेत असावी असे मानण्यास जागा आहे.

घरी येणाऱ्या परिचारिकेचे निम्मे काम हे ऐकण्याचेच असते. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी शाईने आखून ठेवतात, आणि त्यासाठी रुग्णाला बसवून, उभे करून, वाकवून पाहतात. तरीही परकराची नाडी नेमकी कोठे बसते, धोतराची गाठ कोठे येते, मांडी घालून जेवायला बसल्यावर पोटाला कोठे घडी पडते, हे कळते ते घरीच. एका खोलीच्या बिऱ्हाडात, जेथे कोपऱ्यातील मोरीला अर्धीच भिंत आहे आणि संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक आहे, तेथे पिशवी कोठे रिकामी करायची? ती एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, हा नियम इस्पितळात सोपा वाटतो. ज्यांना पिशव्यांचा खर्च पेलत नाही ते साधी प्लॅस्टिकची पिशवी बांधतात किंवा एकच पिशवी धुऊन पुन्हा वापरतात. त्यांना नियम वाचून दाखवण्यात अर्थ नसतो, त्यांच्या कातडीपुरता निभाव कसा लागेल हे बघावे लागते. पहाटे, काही खाण्यापूर्वी, आतडे शांत असते. पिशवी बदलायला ती वेळ बरी. परंतु चाळीत त्याच वेळी नळाला पाणी येते आणि मोरीत गर्दी असते. मग वेळ घराच्या हिशेबाने ठरवावी लागते.

जाणती परिचारिका रुग्णाच्या हाती आधी आरसा देते, मग कात्री. पोटाच्या उताराखाली दडलेली स्टोमाची खालची कड आरशाशिवाय दिसत नाही. आणि चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापायचे असते. रुग्ण कापायला लागला की तिचे येणे कमी होऊ लागते, आणि ते तसे व्हावे हाच तिचा हेतू असतो. तथापि काही रुग्ण महिनोन् महिने आपल्या पोटाकडे पाहतच नाहीत. त्यांत असे पुरुष असतात की, पत्नीने हे काम आजन्म करावे हे ते गृहीत धरतात. पत्नीच्या पोटावर पिशवी असेल तर तिची ती सांभाळते. अशा पतीवर सक्ती करणे म्हणजे डर्बनच्या फाटकाशी जाणे होय. पण त्याला कायमची सूट देणेही दयेचे नव्हे, कारण तीत पत्नी विचारात घेतलेली नाही.

मूत्र आवरता न येणाऱ्या वृद्धांची गोष्ट याहून शांतपणे घडते. कपडे ओले होतील या भीतीने ते पाणी पिणेच कमी करतात. त्यामुळे लघवी दाट होते, मूत्राशय अधिकच चाळवते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. कित्येकांचे मूत्राशय तर धडच असते. गुडघे दुखतात, वाटेत उंबरा आहे, रात्री दिवा लागत नाही, म्हणून ते वेळेवर पोहोचत नाहीत. अशा माणसाला दर दोन-तीन तासांनी विचारून हात धरून नेले तर तो कोरडा राहू शकतो. डायपर बांधणे सोपे. त्याने रात्रीची झोप वाचते, आणि थकलेल्या घराला ती हवीच असते. मात्र चालता येणाऱ्याला ‘त्यातच करा’ असे सांगितले जाते, तेव्हा लहानपणी शिकवलेली पहिली मर्यादा घरच मोडत असते.

शहरांत हे काम आता ब्यूरोकडून आलेल्या मावशींवर सोपवले जाते. आजोबांचा देह तिच्या हाती देणारी काही घरे तिचा चहाचा कप वेगळा ठेवतात. शौचाचा तो जुना अर्थ अद्याप पुरता गेलेला नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या कार्यातून परिचारिका आणि शेजारपाजारचे स्वयंसेवक मिळून घरोघर जाण्याची प्रथा रुजली. तेथे निदान हे काम गावाचे मानले जाते, सुनेचे किंवा मावशीचे एकटीचे नव्हे.

सर्वांत अवघड उरतो तो स्मृती गेलेला वृद्ध. ज्ञापकत्व, म्हणजे चरकाने अपेक्षिलेली सांगण्याची शक्ती, त्याच्यापाशी नाही. त्याला स्वच्छ करू पाहणारी व्यक्ती त्याच्या लेखी वस्त्र फेडू पाहणारी परकी व्यक्ती असते. तो हात झटकतो, ओरबाडतो. तसेच ठेवावे तर त्वचा फाटते, जखमा होतात; बळाने करावे तर जे राखायचे त्याच्यावरच घाला येतो. येथे नीतिशास्त्राला बिनचूक उत्तर देता आलेले नाही. अनुभवी परिचारिका काय करते ते पाहता येते. ती गुडघ्यांवर पंचा टाकते, कमरेखाली तो न काढताच पुसते, प्रत्येक वेळी हात लावण्याआधी काय करणार ते सांगते. त्याने हात घट्ट धरला तर थांबते, टॉवेल गरम पाण्यातून पुन्हा पिळून आणते, आणि पहिल्यापासून विचारू लागते.