विंचूकाट्यावरची आजी

औंढ्यात एक म्हातारी राहत होती. तिच्या अंगणातून लोहगड दिसे. गडाची विंचूकाटा नावाची लांबलचक सोंड तर भात लावताना, कापताना, झोडताना कायम तिच्या डोळ्यांपुढे असे. नवरी होऊन गावात आली तेव्हापासून तिने तो काटा रोज पाहिला होता. वर मात्र ती कधी गेली नाही. तिकडे शेत नव्हते, नवस नव्हता. मग जायचे कशाला?

तिचा नातू शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना गडावर नेई. संध्याकाळी तो ओट्यावर बसून मिळालेले पैसे मोजू लागला की म्हातारी विचारी, "पैसं देऊन दम लावून घेत्यात. त्यास्नी मिळतं काय रं?"

नातू हसून सोडून देई. एकदा मात्र म्हणाला, "आजी, ते सांगून नाही कळायचं."

म्हातारीला ते लागले. "मग ने मला."

"आत्या, गुडघे बघा आधी," सून म्हणाली. म्हातारीने गुडघ्यांकडे पाहिले नाही. नातवाने भाताची झोडणी होऊ दिली, पायऱ्यांवरचे शेवाळ वाळू दिले. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी आजीला मोटारसायकलवर मागे बसवून तो भाज्याला गेला. तिथून दोघे चालत निघाले. गायमुख खिंडीपर्यंत म्हातारी तीनदा बसली आणि तिन्ही वेळा आपणच उठली.

लोहगडवाडीपासून पायऱ्या लागल्या. गणेश दरवाजा मागे पडला. पुढच्या नारायण दरवाजाशी नातू नेहमीचे बोलू लागला. हा दरवाजा नाना फडणवीसांनी बांधला, इथल्या भुयारात भात आणि नाचणी साठवत. पाहुणे एवढे ऐकून फोटो काढत आणि पुढे जात. म्हातारीने वाकून आत डोकावले.

"उंदीर-घुशी कशा आवरल्या असतील रं?"

नातवाला उत्तर आले नाही. इतक्या वेळा हे सांगूनही त्याला हा प्रश्न पडला नव्हता.

हनुमान दरवाजा झाला, महादरवाजा झाला. नानांनी बांधलेल्या सोळाकोनी टाक्यापाशी त्यांनी भाकरी खाल्ली. मग नातवाने तिला गडाच्या कडेशी नेले. खाली विंचूकाटा पसरला होता. सुमारे 1500 मीटर लांब, जेमतेम 30 मीटर रुंद, दोन्ही बाजूंना दरी. तिथे जायचे तर आधी एक कातळ उतरावा लागतो.

म्हातारीने वहाणा काढून पिशवीत घातल्या आणि पदर खोचला.

"तोंड कातळाकडं. दोन हात अन् एक पाय घट्ट, मगच दुसरा पाय हलव," नातू खालून सांगत होता.

अर्ध्यावर तिचा पाय थरथरायला लागला. डोळे मिटून ती म्हणाली, "मागं जाऊ."

"जाऊ. आधी दम खा."

त्याने ओढले नाही, चिडवले नाही, घाईही केली नाही. तो तिच्या टाचेखाली हात धरून उभा राहिला. बराच वेळ गेला. मग म्हातारीने डोळे उघडले, पायाने खालची खोबण चाचपली आणि एक पाऊल उतरली. मग आणखी एक.

काट्याच्या टोकापर्यंत दोघे गप्पच चालले. एका अंगाला औंढे होते, तिचे घर, तिची खाचरे. दुसऱ्या अंगाला पवना धरणाचे पाणी चमकत होते, त्यापलीकडे तुंग आणि तिकोना. त्याच पाण्याखाली तिचे माहेर गेले होते. ती दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"मदी एवढा एकच डोंगर व्हता व्हय?" ती म्हणाली. लग्नानंतर माहेरी जाताना तिने कायम डोंगराला वळसा घातला होता, तोही कोणीतरी न्यायला आले तरच.

परतताना कातळ चढायला तिला वेळ लागला, पण मागे जाऊ असे ती म्हणाली नाही. रात्री सुनेने गुडघ्यांना तेल चोळले. चार दिवस म्हातारी लंगडत होती.

पुढच्या आठवड्यात तिने पिशवी भरली. "चिंचवडला बहिणीकडं जाऊन येते." सोबत कोण, असे सुनेने विचारले. सोबत कोणी नव्हते. मळवलीला लोकलमध्ये बसून ती एकटी गेली आणि दोन दिवसांनी एकटीच परत आली. गाडी, गर्दी, जिना यांची भीती तिला आधी वाटे तशी आताही वाटत होती. पण भीती वाटली की थांबायचे, दम खायचा आणि पायाने पुढची खोबण शोधायची, एवढे ती कातळावर शिकली होती. पाहुणे पैसे देऊन काय नेतात, हे नातवाला तिने पुन्हा विचारले नाही. लोक म्हणतात, अशा भटकंतीने शरीर कणखर होते. होत असेलही. या म्हातारीचे गुडघे तरी अजून दुखतात.

तुम्हाला जायचे असेल तर मळवलीला उतरा आणि भाज्याची वाट धरा. पावसात विंचूकाट्याचा नाद सोडा, तो कातळ तेव्हा फार निसरडा असतो. गावातले कोणी सोबत घ्या आणि ते परत फिरा म्हणाले की फिरा. हट्टाने पुढे गेलेल्यांना अंधारात शोधायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाच्या पोरांना घरचे ताट सोडून निघावे लागते.