पाणी आलं, देव कुठे गेला?

मराठीत एका पाणपक्ष्याचं नाव वारकरी आहे. अंगानं काळाकुट्ट, कोंबडीपेक्षा जरा लहान, आणि चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढराशुभ्र ठसा. गंध लावून दिंडीत निघालेल्या माणसासारखा. कुणी त्याला चांदवाही म्हणतात. त्याला सहज उडता येत नाही. आधी तो पाण्यावरून थपथप धावत सुटतो, पंख फडफडवत, मागे पाण्याचे शिंतोडे उडवत, आणि बरंच अंतर गेल्यावर कुठे अंग हवेत उचललं जातं. बोटांना कातडीच्या पाकळ्या असतात, त्या पाण्याला धरून ढकलतात. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर हे वारकरी मोठ्या थव्यांनी दिसतात.

ज्या पाण्यावरून ते धावतात, त्याच्या तळाशी गावं आहेत.

नाथसागर हा जायकवाडी धरणाचा जलाशय. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्या धरणाच्या कामाची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, 27 दरवाजे, आणि भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणारं पाणी. या पाण्यानं शंभराहून अधिक गावांची घरं-शेतं घेतली. जायकवाडी हे खरं तर बीड जिल्ह्यातलं गाव. धरण आधी तिकडे व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र सोबत आलं. 1986 मध्ये जलाशय आणि काठ मिळून सुमारे 341 चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. गावं उठली, त्यानंतर दहा वर्षांनी पाखरांना कायद्याचा निवारा मिळाला.

दुर्बीण घेऊन काठावर उभ्या राहणाऱ्या माणसाला रोहित दिसतात, चमचे दिसतात, चक्रवाकाची नारिंगी जोडी दिसते. त्याला एक प्रश्नही दिसायला हवा. गावाला देव होता. वेशीवर मारुती, नदीच्या काठाला शेंदूर लावलेल्या साती आसरा, बांधावर म्हसोबा. माणसं उठली, पाखरं आली. देवाचं काय झालं?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याहून पक्षी पाहायला निघणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. गावाजवळून पूर्णा वाहते. तिच्या प्रवाहासोबत खाली गेलं की जाफराबादच्या पुढे, बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरणाचा जलाशय लागतो. त्याचं नाव संत चोखासागर. दक्षिणेला पैठण गाठलं की नाथसागर. मराठवाडा-विदर्भाच्या या कोरड्या पट्ट्यात माणसानं अडवलेल्या दोन मोठ्या पाण्यांना दोन संतांची नावं आहेत. केदारखेड्याच्या नावातही पाणी आहे: केदार म्हणजे हिमालयातला महादेव, आणि संस्कृतात केदार म्हणजे पाण्यानं भरलेला शेतातला वाफा. एक अर्थ डोंगरावर ठाम बसलेला, दुसरा पाटानं वाहत येणारा.

देवाबद्दलही आपल्याकडे हे दोन अर्थ फार जुने आहेत. शास्त्र मूर्तीचे दोन प्रकार मानतं, अचल आणि चल. अचल मूर्ती पीठात घट्ट बसवलेली असते, ती हलवायची नसते. चल मूर्ती पालखीत बसते, मिरवते, गावोगाव जाते. घरातल्या देव्हाऱ्यातले टाक चल. बिऱ्हाड हललं की फडक्यात गुंडाळून सोबत निघतात. वीरशैवांचं इष्टलिंग तर अंगावरच असतं, आणि त्यांच्या गुरूला नावच जंगम. गणपतीला आपण बोलावतो, दिवस भरले की उत्तरपूजा करून पाण्यात निरोप देतो. म्हणजे देव पाण्यात जाणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पण त्या निरोपाला तिथी असते, अक्षता असतात, पुढच्या वर्षीचं बोलावणं असतं. धरणाचं पाणी असं काही विचारून येत नाही.

धरणग्रस्त गावांनी जमलं तसं केलं. पुनर्वसनाच्या गावठाणात घरांच्या आधी किंवा घरांसोबत मारुतीचा पार उभा राहिला. जुनी मूर्ती निघाली तर आणली, नाही तर नवी बसवली, पूजा-होम करून प्राणप्रतिष्ठा केली. टाक तर आलेच. राहिले ते उघड्यावरचे देव. आसरांना देऊळ नसतं; नदीचा काठ हीच त्यांची जागा. वास्तविक त्या जलदेवता. लेकरू आजारी पडलं, बाळंतीण घाबरली की बाया ओटी घेऊन त्यांच्याकडे जायच्या. त्यांना उचलून नव्या गावात न्यायचं म्हणजे काय न्यायचं? दगड नेता येईल, काठ कसा नेणार? पाण्याच्या देवता पाण्यातच बुडाल्या, हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं. ज्या बाईची ओटी भरायची जागा गेली तिला ते सोपं नव्हतं.

प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा 1976 चा. धरणाचं उद्घाटन झालं तेच वर्ष. तोवर नाथसागराच्या गावांनी आपापली वाट धरली होती.

पाण्यासोबत गाव वर-खाली होतं असं एक तळं जगात आहे, आणि इथे त्याची आठवण येणं साहजिक आहे. कंबोडियातलं टोनले साप कोरड्या दिवसांत सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर असतं आणि पावसाळ्यात पंधरा हजारांपर्यंत पसरतं. मेकाँग नदी इतकी फुगते की तळ्यातून तिच्याकडे जाणारी उपनदी उलटी वाहू लागते आणि पाणी तळ्यात शिरतं. या चढ-उतारावर तरंगती गावं वसली आहेत. घर, दुकान, शाळा, डुकरांचा खुराडा, सगळं तराफ्यांवर आणि होड्यांवर. बुद्धविहारही काही ठिकाणी तरंगता असतो. पाणी चढलं की देव आणि भक्त एकाच मापानं वर येतात. तळ्याच्या वायव्य टोकाला प्रेक तोआलचं पक्षी अभयारण्य आहे, तिथल्या बुडालेल्या झाडांवर झोळीवाले आणि करकोचे घरटी करतात. पूर्वी तिथली माणसं अंडी आणि पिल्लं गोळा करून विकायची. पुढे त्यांच्यातल्याच काहींना राखणदार म्हणून नेमलं. घरटी कुठे आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पाखरांची वस्ती पुन्हा वाढली.

पण तिथल्या तरंगत्या जिण्यालाही गोड समजून चालणार नाही. त्या गावांतल्या व्हिएतनामी वंशाच्या कितीतरी कुटुंबांकडे नागरिकत्वाचे कागद नाहीत. जमीन घेता येत नाही म्हणून ती पाण्यावर राहतात. पर्यटकाला जे तरंगणं वाटतं, ते त्यांच्यासाठी जमिनीवर जागा नसणं आहे.

नाथसागरालाही तरंगणारी माणसं आहेत. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं फुगवट्याचं पाणी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ओलांडतात आणि शाळेत जातात, ही बातमी 2023 मध्ये महाराष्ट्रानं वाचली. दप्तर मांडीवर, हातात वल्ह्याच्या जागी बांबू, आणि पाण्यातल्या सापांना दूर ठेवायलाही तोच बांबू. धरण झाल्यापासून त्या वस्तीची वाट अशी तुटली. तिथून काही अंतरावर पट्टकादंब उतरतात. तिबेटच्या पठारावर, लडाखमध्ये, मंगोलियात अंडी घालणारे, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून आलेले असतात. ज्या पाण्यानं पाखराला हजारो किलोमीटरवरून बोलावलं, त्याच पाण्यानं पोराला पलीकडच्या काठावरच्या शाळेपासून तोडलं.

इथे एक सोपं उत्तर पुढे येतं आणि ते नाकारलं पाहिजे. सोपं उत्तर असं: जागेचा मोह कशाला? साधूनं एका ठिकाणी राहू नये, देव सगळीकडे आहे. या विचाराचं मोठं ठाणं केदारखेड्याच्या तालुक्यातच आहे. भोकरदन तालुक्यातलं जाळीचा देव हे महानुभावांचं तीर्थ. इथल्या दाट जाळीत चक्रधरस्वामींनी वाघाची पिल्लं मांडीवर घेऊन खेळवली, असं भाविक सांगतात. म्हाइंभटांनी 13व्या शतकात जुळवलेल्या लीळाचरित्रात, पारध्यांपुढे पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली लपतो आणि ते त्याला सोडून देत नाहीत, कारण तो शरण आलेला आहे. चक्रधरांनी शिष्यांना अटन सांगितलं: फिरत राहा, ओळखीच्या गावाला, मायेच्या माणसांना चिकटू नका. अहिंसा आणि भटकंती त्यांच्याकडे एकाच धाग्याच्या आहेत. जो कुठेच मालकी सांगत नाही, तोच सशाला आणि वाघाच्या पिल्लाला सारखी जागा देऊ शकतो.

हे सगळं खरं. पण चक्रधर स्वतः निघाले होते. अटन हा आतून घेतलेला निर्णय असतो. विस्थापनाची नोटीस बाहेरून येते. ज्यानं घर सोडलं त्याला वैराग्य म्हणावं. ज्याचं घर सोडवलं त्याला तोच शब्द वापरणं अन्याय आहे. देव जंगम आहे या श्रद्धेतून कुणाला उठवायचा अधिकार निघत नाही. त्या श्रद्धेतून एवढंच निघतं की उठवलेल्या माणसाचा देव मेला नाही. तो फडक्यात बांधलेल्या टाकासोबत नव्या गावठाणात आला आहे आणि तिथल्या रस्त्या-पाण्याची वाट पाहतो आहे.

दुसरं सोपं उत्तर पाखरांच्या नावानं दिलं जातं: आता हे अभयारण्य आहे, माणसांनी दूर राहावं. ज्यांच्या नावानं हा सागर ओळखला जातो त्या एकनाथांची गोष्ट वेगळंच सांगते. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी कावडीनं रामेश्वरला न्यायचं, वाटेत वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसतं, आणि नाथ ती कावड त्याच्या तोंडात रिकामी करतात. रामेश्वर तिथेच पावला, असं लोक सांगतात. या गोष्टीत अचल देवासाठी राखलेलं पाणी तहानलेल्या जिवाला मिळतं. पण ते गाढवाला पाजताना नाथ दुसऱ्या कुणाच्या तोंडचं पाणी काढून घेत नाहीत. स्वतःच्या खांद्यावरचं देतात. भूतदयेची किंमत देणाऱ्यानं स्वतः मोजायची असते. अभयारण्याची किंमत मात्र बहुतेक वेळा आधीच जमीन देऊन बसलेल्या माणसाकडून, भोयांकडून, कहारांकडून वसूल होते. म्हणून अलीकडची एक घटना महत्त्वाची वाटते. नाथसागराच्या पाण्यावर तरंगत्या सौरपट्ट्यांचा मोठा प्रकल्प यायचा ठरला, तेव्हा त्याविरुद्ध दाद मागायला पैठणच्या कहार समाजाची पंच समिती पुढे आली. जलचरांचा आणि पाखरांचा आसरा जाईल, हे मासेमारीवर जगणाऱ्यांनी सांगितलं. राष्ट्रीय हरित लवादानं 2024 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. निकाल काहीही असो, पाखरांची बाजू घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढले ते जाळं टाकणारे लोक होते.

नाथांनी 1599 मध्ये गोदावरीत जलसमाधी घेतली. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला दिंड्या जमतात, आणि वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडलं जातं. नदीला नदीसारखं दिसण्यासाठी आता परवानगी लागते.

चोखासागराची गोष्ट आणखी आत बोचते. चोखामेळ्याचं जन्मगाव म्हणून सांगितलं जाणारं मेहुणा राजा धरणाच्याच देऊळगाव राजा तालुक्यात आहे. चोखोबा देवळात जाऊ शकले नाहीत, आणि ज्यांच्यात ते जन्मले त्यांना पाणवठा मोकळा नव्हता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच परंपरेचा हिशेब होता. आज त्या चोखोबांच्या नावानं मैलोगणती पाणी पसरलं आहे आणि त्यावर उतरणाऱ्या बदकांना कुणी जात विचारत नाही. चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला कोसळलेल्या गावकुसाखाली गेले. त्यांची हाडं नामदेवांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली, असं परंपरा सांगते. जिवंतपणी ज्यांना उंबरा ओलांडता आला नाही, त्यांची जागा अस्थींनी प्रवास करून मिळवली. चोखासागराकाठी हिवाळ्याच्या सकाळी उभं राहिलं की वाटतं, नाव देणं पुरेसं नाही. या पाण्याच्या पाळीवर कुणाचं शेत शेवटी राहतं, हेही कुणी मोजलं पाहिजे.

केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात. अचल लिंग बर्फात राहतं, आणि देवाची पंचमुखी चल मूर्ती डोलीत बसून उखीमठला उतरते. हिवाळाभर पूजा तिथे. त्याच दिवसांत पट्टकादंब त्याच हिमालयावरून दक्षिणेकडे येत असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघंही परत फिरतात. ज्यांना परतीची वाट आहे त्यांचं चल असणं असं दिसतं.

पळसदेवाला परतीची वाट नव्हती. इंदापूर तालुक्यातलं हे गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या पळसदेवात देवाची पुन्हा स्थापना झाली, जुनं पळसनाथाचं दगडी देऊळ मात्र तिथेच राहिलं. एरवी ते पाण्याखाली असतं. 2024 च्या उन्हाळ्यासारखं धरण फार खाली गेलं की आधी शिखर दिसतं, मग खांब, मग पायऱ्या. भोवतीचा गाळ वाळून भेगाळतो. नव्या गावात रोजची पूजा होणारा देव असतो, तरी माणसं होडीनं आणि पायी तिथवर जातात, आणि दाराशी पोचली की चपला बाहेर काढतात.