दान आणि परतफेड

संपत्ति कशी मिळविली हें न विचारतां, ती चांगल्या कामीं लागली एवढ्यावरच दात्यास पुण्यवान् म्हणावें काय? हा प्रश्न जुना आहे, तरी शिळा झालेला नाहीं. आजही मोठमोठे व्यापारी इस्पितळांस व वैद्यकीय विद्यालयांस देणग्या देतात, आणि भिंतीवरील नांव वाचून आपण हात जोडून पुढें जातों. म्हणून, वाचकहो, मुंबईच्या एका इस्पितळाच्या इतिहासावरून या प्रश्नाचा थोडा विचार करूं.

सर जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म १७८३ सालीं झाला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले. घरची गरिबीच होती. पुढें चीन देशाशीं व्यापार करून त्यांनीं अपार धन मिळविलें. १८०५ सालच्या एका सफरींत फ्रेंचांनीं त्यांचें जहाज पकडलें. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नांवाचा एक तरुण डॉक्टर होता. त्याची व जमशेटजींची ओळख झाली. जार्डिननें पुढें वैद्यकी सोडून व्यापार धरला, आणि जमशेटजींनीं मुंबईहून धाडलेला माल तो कँटन येथें खपवूं लागला. त्या मालांत कापूस होता, तशी माळव्याची अफूही होती.

याच धनांतून जमशेटजींनीं इस्पितळासाठीं १ लक्ष रुपये देऊं केले. सरकारनेंही आपला वाटा घातला. १८४३ सालीं पायाचा दगड बसला, आणि १८४५ सालीं इस्पितळ व त्याला जोडून ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. १८५१ सालीं पदवी घेऊन निघालेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत भाऊ दाजी लाड होते. त्यांनीं गरिबांस फुकट औषध दिलें. १८९६ सालीं मुंबईंतील प्लेग प्रथम ओळखणारे डॉ. आकासियो व्हिएगस याच कॉलेजचे. १८९७ सालीं हाफकीन यांनीं प्लेगाची लस तयार केली तीही येथेंच. त्या देणगीनें किती प्राण वांचले याची मोजदाद कोण करील?

परंतु दुसरीही एक वही आहे. १८३९ सालीं लिन त्सेशू या चिनी अधिकाऱ्यानें अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटलें, तें १८४२ सालीं चीनच्या पराभवानें संपलें. आणि पुढच्याच वर्षीं मुंबईंत इस्पितळाचा पाया घातला गेला. इस्पितळ मुंबईंत उभें राहिलें. अफूनें ज्यांचीं घरें बुडालीं तीं माणसें चीनमध्यें होतीं. त्यांच्या हानीची भरपाई या देणगीनें झाली नाहीं.

कोणी म्हणेल कीं, तो व्यापार येथील कायद्यास मान्य होता, आणि कंपनीसरकार स्वतःच अफूच्या महसुलावर पोसलेलें होतें. हें खरें आहे. म्हणून सगळा दोष एकाच माणसाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तथापि चीनमध्यें अफू मना होती, हेंही व्यापाऱ्यांस ठाऊक होतें. वांटेकरी पुष्कळ झाले म्हणजे दोष वांटला जातो, नाहींसा होत नाहीं.

मग ती देणगी नाकारावयास हवी होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नाकारल्यानें कँटनचा एकही व्यसनी बरा झाला नसता; मुंबईच्या रोग्याची खाट मात्र गेली असती. जक्कयाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. अर्धें द्रव्य दरिद्र्यांस देतों म्हणून तो थांबला नाहीं. ज्यांस लुबाडलें त्यांस चौपट परत करण्याचें त्यानें वेगळें सांगितलें. दान आणि परतफेड हीं दोन निरनिराळीं कर्में आहेत. एक केल्यानें दुसरें फिटत नाहीं.

ही गोष्ट लक्षाधीशांपुरतीच नाहीं. व्याजावर व्याज चढवून ज्या सावकारानें शेत घेतलें, त्यानें गांवच्या दवाखान्यास खाट दिली तर ती घ्यावी, रोग्यास तीवर निजवावें, आभारही मानावे. पण शेताविषयीं बोलणें सोडूं नये. आणि आपण स्वतः दानास हात पुढें करूं तेव्हां आधीं दाराबाहेर पाहावें. राहिलेली मजुरी मागावयास कोणी उभा असेल, तर पहिला रुपया त्याचा आहे.