सारथ्याचे जागरण

एकादशीच्या रात्री देवळात जागर करणारा मनुष्य आपल्या इच्छेने जागतो. डोळे फारच जड झाले तर तो खांबाला टेकून घटकाभर पडतो, व त्यास कोणी दोष देत नाही. यात्रेची बस रात्री हाकणारा चालक मात्र आमच्याकरिता जागतो, आणि आम्ही मागे निजलेले असतो. या दुसऱ्या जागरणात काही पाप घडलेच, तर ते कोणाच्या माथी मारावे?

सरळ, सपाट रस्ता या बाबतीत मोठा फसवा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरांचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. अशा मार्गावर मध्ये गाव लागत नाही, अवघड वळण येत नाही. मनास करण्याजोगे काही उरत नाही व गुंगी येते. ताशी 100 किलोमीटर वेगात चार सेकंद डोळे मिटले, तर बस 110 मीटर आंधळी धावते.

यावर आता यंत्रे निघाली आहेत. चालकासमोरील लहानसा कॅमेरा अंधारातही त्याच्या पापण्या न्याहाळतो, त्या किती वेळ मिटलेल्या राहतात याचा हिशेब ठेवतो व वेळीच घंटा वाजवितो. युरोपीय संघाने जुलै 2024 पासून नव्या मोटारींस चालकाची पेंग ओळखून इशारा देणारी योजना सक्तीची केली. हे उत्तमच झाले; यंत्रांची उगाच नालस्ती करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

तथापि घंटा झोप उडविते, विश्रांती देत नाही. घंटा वाजली म्हणून मालकाने पगार कापला, तर चालक कॅमेऱ्यावर फडके टाकील. पाळी बदलून दिली, तर तोच चालक यंत्रास दुवा देईल. अति जागणाऱ्यास योग साधत नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. साधकाची ही कथा, मग पोटासाठी जागणाऱ्याची काय?

आणि सारा दोष मालकाचाच, असेही नाही. मुक्कामाचे भाडे वाचावे, काकडआरती साधावी, या हट्टापायी पहाटे दोन ते पाच, म्हणजे शरीर झोप मागते नेमक्या त्या वेळी, त्यास चाकाशी बसवितो ते आम्हीच. दुसरा चालक घ्यावयाचा तर माणशी वर्गणी थोडी वाढते, एवढेच. यात्रेची बस ठरविताना गाद्या कशा आहेत, पडदे आहेत की नाहीत, याची कसून चौकशी होते. चालक आदल्या रात्री कोठे व किती निजला, हे कोणी विचारल्याचे अद्याप आमच्या ऐकिवात नाही.