नातेवाईक कोण आहे?

नवऱ्याच्याच नंबरावरून फोन येतो, आवाज मात्र दुसऱ्याचा. "वहिनी, घाबरू नका." एवढं ऐकलं की पुढचं ऐकायची गरज उरत नाही. दिवेआगरसारख्या गावात फोन करणारा बहुधा ओळखीचाच निघतो, बोर्लीच्या नाक्यावरचा कोणी, नाहीतर मागून येणारा रिक्षावाला. गाडी कुठे पडली आहे ते तो नीट सांगतो. माणूस कसा आहे ते सांगायचं टाळतो.

पर्यटकाला दिवेआगर म्हणजे चार-पाच किलोमीटरचा किनारा, सुरूचं बन, १९९७ साली नारळी-पोफळीच्या वाडीत सापडलेला सोन्याचा गणपती आणि तूप सोडलेला उकडीचा मोदक. इथल्याच माणसाच्या डोक्याला मार लागला की गावाचा वेगळा नकाशा उघडतो. बोर्ली पंचतनला प्राथमिक आरोग्य केंद्र. श्रीवर्धनला, किंवा म्हसळ्यावरून माणगावला, उपजिल्हा रुग्णालय. माणगावपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर वळणावळणाचे. तिथे डॉक्टर म्हणाले, "पुढे हलवा," की दोन वाटा फुटतात. एक ताम्हिणी घाटातून पुण्याला, दुसरी मुंबई-गोवा महामार्गानं पनवेल-मुंबईकडे. हा महामार्ग २०११पासून रुंद होतो आहे. झाला आहे, असं म्हणायचं धाडस कोकणात कोणी करत नाही. राज्यात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले आहेत, पण घाट काही तिच्यासाठी सरळ होत नाही.

कुठे हलवायचं हे पाच मिनिटांत ठरवावं लागतं. ठरवायला चार पुरुष जमतात. सही मात्र बायकोची लागते.

एकेकाळी त्याआधीच अडत असे. दिल्लीचे वकील परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले ते एका स्कूटरस्वाराची बातमी वाचून. वाहनाची धडक बसलेल्या त्या माणसाला 'पोलीस केस' म्हणून जवळच्या रुग्णालयानं घेतलं नाही, वीस किलोमीटर दूर पाठवलं आणि तो वाटेतच गेला. आधी उपचार, पोलीस नंतर, हे न्यायालयानं १९८९ साली बजावलं. आज दारातून कोणी परत पाठवू नये असा कायदा आहे. आत घेतल्यावर बाहेर उरलेल्या माणसाचं काय, याबद्दल कायदा बराच काळ गप्पच होता.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतले जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे. जखमी ४ लाख ४३ हजारांवर. यातल्या गंभीर जखमींच्या खाटेशेजारी कोणी ना कोणी बसलेलं असतं, ते माणूस कुठल्याच तक्त्यात नाही. ते बायकोच असते असंही नाही. हेल्मेट नसताना मेलेल्यांत त्या वर्षी चौदा हजारांवर लोक मागच्या सीटवरचे होते. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतं. आपल्याकडे हेल्मेट चालवणाऱ्याचं आणि मागचीच्या मांडीवर मूल, मनगटात पिशवी, अशी वाटणी असते. तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर नवरेही असतात. फरक एवढाच की नवरा बसला की संध्याकाळपर्यंत कोणीतरी म्हणतं, "तू घरी जा, आम्ही थांबतो." बायकोला तेच सांगायला तिसरा दिवस उजाडतो.

बाकड्यावर काय घडतं? दार किलकिलं होतं, आतून पेशंटचं आडनाव पुकारलं जातं आणि लगेच, "नातेवाईक कोण आहे?" ती उठते. हातात चिठ्ठी पडते, इंजेक्शनं खालच्या दुकानातून आणायची. पुन्हा हाक, रक्ताची सोय करा. पुन्हा हाक, इथे सही करा. मध्येच कोणी एक प्लॅस्टिकची पिशवी आणून देतं. आत कापून काढलेला शर्ट, एक चप्पल, किल्ल्या, पाकीट. दुसरी चप्पल कुठे, हे ती विचारते. तिला खरोखर चप्पल हवी असते असं नाही. त्या सगळ्यात उत्तर मिळेल असा तेवढा एकच प्रश्न असतो.

दोन दिवसांत ती नवी भाषा शिकते. 'जीसीएस किती?' हे डॉक्टर एकमेकांना विचारतात, मग तीही विचारू लागते. डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्ध मोजण्याची ही ग्लासगोची पट्टी १९७४ साली टीसडेल आणि जेनेट या दोघांनी तयार केली. सर्वांत कमी तीन, सर्वांत जास्त पंधरा. आठ किंवा त्याखाली म्हणजे डोक्याची गंभीर इजा. गावाहून फोन आला की ती सांगते, "काल सहा होता, आज सात आहे." पलीकडच्या सासूला काही कळत नाही, पण वाढलाय एवढं कळतं.

भेटायला दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत करायचं काय, हे तिला सहसा कोणी सांगत नाही. 'बोला त्यांच्याशी,' एवढंच. याबाबतीत अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या थेरेसा पेप यांचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला, तो सांगण्यासारखा आहे. डोक्याला मार लागून बेशुद्धावस्थेत असलेले पंधरा रुग्ण घेतले, काही मोटारसायकलच्याच अपघातातले. काहींना घरच्यांच्या आवाजात, दोघांनाही आठवत असलेल्या प्रसंगांच्या ध्वनिफिती दिवसातून चार वेळा, सहा आठवडे ऐकवल्या. ज्यांनी त्या ऐकल्या ते इतरांपेक्षा लवकर सावरू लागले. पंधरा जणांवरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण 'लवकर बरे व्हा हो' असा विलाप तिथे अपेक्षित नव्हता, नेमका प्रसंग हवा होता, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. दिवेआगरच्या बाईकडे असे प्रसंग कमी नसतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, तेव्हा मागल्या दारची पोफळ कुठल्या बाजूला पडली आणि कौलं उडत असताना दोघं कुठल्या खोलीत बसली होती, एवढं सांगितलं तरी दहा मिनिटं पुरायची नाहीत.

इकडे वाडी तर थांबत नाही. वादळानंतर लावलेली सुपारीची रोपं धरायला सहा-सात वर्षं घेतात आणि या काळात शिंपणं चुकवून चालत नाही. पंप कोण लावणार? दिवाळीच्या सुट्टीत घरगुती खोल्या भरलेल्या, ॲडव्हान्स घेतलेला, स्वयंपाक करणारी बाई मुंबईत बाकड्यावर. शेजारीण चार दिवस मोदक करून देते. पुढचे चार महिने कोण करणार, हा प्रश्न शेजारणीला विचारता येत नाही.

मग गावात बोलणं सुरू होतं, "सावित्रीसारखी बसलीय हो." हे कौतुक जरा तपासून घ्यावं असं आहे. कौतुक करून लोक घरी जातात आणि रात्री थांबायला तीच उरते. शिवाय सावित्रीची गोष्टही आपण सोयीनं आठवतो. ती वडाखाली बसून राहिली नाही. यमाच्या मागे चालत गेली आणि त्याला शब्दांत पकडून नवरा सोडवला. आजच्या बाईला असंच बोलावं लागतं, फक्त यमाच्या जागी खिडक्या असतात.

पहिली खिडकी पैशांची. ५ मे २०२५पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. नियुक्त रुग्णालयात, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. चांगली योजना आहे. फुटलेली कवटी मात्र सात दिवसांत भरून येत नाही, मग महात्मा फुले योजना, धर्मादाय रुग्णालयांतल्या गरिबांसाठी राखलेल्या दहा टक्के खाटा, असं दारोदार. दुसरी खिडकी विम्याची. कोकणात पुष्कळ गाड्या कोणी न ठोकताच, ओल्या पाल्यावरून किंवा खडीवरून घसरतात. समोर दुसरी गाडीच नाही, तर भरपाई मागायची कुणाकडे? गाडीमालकासाठी सक्तीचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, पण तो मृत्यूसाठी नाहीतर ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठी. रुग्णालयाचं बिल त्यात नाही. गाडी मित्राची असली तर तोही नाही. तिसरी खिडकी बँकेची. नवरा बेशुद्ध, खातं एकट्याच्या नावावर, सहीला हात हलत नाही. अशा नवऱ्याची पालक म्हणून बायकोला नेमायला आपल्याकडे सरळ कायदा नाही, म्हणून बायका उच्च न्यायालयात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना तशी नेमणूक दिलीही. संयुक्त खात्याचा एक फॉर्म वेळेवर भरला असता तर, हे तिथल्या पायरीवर सुचतं.

तिच्या कामाला भाव लावायला न्यायालयं अलीकडे लागली आहेत. जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका जोडप्याचं प्रकरण होतं. २०१४ साली मोटारसायकलवरून जाताना दोघंही गेली. गृहिणीचं उत्पन्न किती धरायचं, या प्रश्नावर न्या. रमणा यांनी २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला. बिनपगारी घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. घरातल्यांच्या देखभालीत १३४ आणि ७६. आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२०मध्ये, अपघातानं कायमची परावलंबी झालेल्या एका मुलीच्या खटल्यात याच न्यायालयानं देखभालीचा हिशेब स्वच्छ मांडला होता. दिवसाचे बारा तास एक आणि रात्रीचे बारा तास एक, म्हणून माणसं दोन. न्यायालयाला दोन माणसं लागतात असं दिसलं. घराला एकच पुरते असं वाटतं.

त्या एकटीचं काय होतं, याला वैद्यकानं नावही दिलं आहे. अतिदक्षता विभागातून रुग्ण बाहेर आल्यावर कुटुंबीयांना महिनोन् महिने छळणारी झोपमोड, धास्ती, खिन्नता. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१०च्या बैठकीत त्याला 'पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम - फॅमिली' म्हटलं. आपल्याकडे हे फार आधी ओळखलं ते गाडगेबाबांनी. परगावच्या रुग्णाच्या माणसानं पाठ कुठे टेकायची, हा विचार करून धर्मशाळा उभ्या राहिल्या, जे. जे. रुग्णालयाजवळची आणि दादरची आजही चालू आहेत. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. आंघोळ, स्वस्त जेवण, चार तास झोप. माणगाव-म्हसळ्यासारख्या ठिकाणी असं काही असतं तर पहिली रात्र तरी फरशीवर गेली नसती.

आणि मग एके दिवशी डॉक्टर म्हणतात, "घरी न्यायला हरकत नाही." दिवेआगरच्या घराला ओटा, ओट्याला चार पायऱ्या, न्हाणी मागच्या पडवीत. खाट माजघरात येते, कारण व्हीलचेअर तिथवरच पोचते. वाडीत पंप पुतण्या लावतो, बुधवारी आणि शनिवारी रात्री नणंद थांबणार असं ठरतं, बाकीच्या रात्री ठरायच्या आहेत. जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, अकरा, एक, तीन, पाच. गजर त्याच्याच फोनवर लावलेला असतो.