नजरेचं दान

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०



सात्त्विक दान कशाला म्हणायचं, हे भगवंत आज सांगताहेत. द्यायला हवं म्हणून दिलेलं. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला. आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला दिलेलं. 'दान' म्हटलं की आपल्याला फक्त पैसे आठवतात. 'माझ्याकडे आहेच काय?' म्हणत आपण पान उलटतो. मला मात्र आज डेव्हिड बेकहॅम आठवला.

मँचेस्टर युनायटेड, रेआल माद्रिद गाजवलेला हा मिडफिल्डर २०१३ साली निवृत्त झाला. मैदान सुटलं, लोक काही सुटले नाहीत. २०२२ मध्ये इन्स्टाग्रामवर त्याचे ७ कोटींहून जास्त फॉलोअर्स होते.

त्या वर्षी २० मार्चला त्याने आपलं अकाउंट एका दिवसासाठी युक्रेनमधल्या खार्किवच्या एका डॉक्टरबाईंच्या हाती दिलं. युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. त्या तिथल्या प्रसूती केंद्राच्या प्रमुख. बेकहॅमला बघायला आलेल्या लोकांना त्यांनी तळघर दाखवलं. पहिल्याच दिवशी गर्भवती आणि बाळंतिणींना तिथे हलवलं होतं. अतिदक्षता विभागातली बाळं मात्र खाली नेता येत नव्हती, कारण ती यंत्रांच्या आधारावर होती.

ठिकाण, वेळ, माणूस, तिन्ही जुळलं ना? आणि दिलं काय? आपल्याकडे वळलेली नजर.

तुम्ही म्हणाल, 'यातून त्याचीही वाहवा झालीच की!' झाली. तो २००५ पासून युनिसेफचा सदिच्छादूतही आहे. त्याच्या मनात काय होतं, ते त्याचं त्याला आणि देवाला ठाऊक. श्लोक दुसऱ्याला मोजायला नसतो, स्वतःला बघायला असतो.

मी बघितलं, आणि लाज वाटली. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला होता, 'बाबांना रक्त हवंय, जरा शेअर कर ना.' माझं त्या दिवशीचं चिंतन नुकतंच टाकलं होतं, छान चाललं होतं. म्हटलं, आत्ता दुसरं काही टाकलं तर हे मागे पडेल, संध्याकाळी बघू. संध्याकाळी तिचाच मेसेज आला, 'मिळालं गं, राहू दे.'

रक्त मिळालं, देवाची कृपा. पण माझ्या हातचं दान हुकलं. आणि त्या दिवशी मी लिहिलं कशावर होतं? निष्काम कर्मावर!

आपल्याकडे ७ कोटी नसतील, दोनशे असतील. तेही आपले नाहीत. सांभाळायला दिलेले आहेत.

आजची साधना : स्टेटसवर आज स्वतःचं काही नको. ज्याचं कोणी ऐकत नाही, अशा एकाची गरज तिथे ठेवा. आणि कितीजणांनी बघितलं, ते उघडून पाहू नका. मीही नाही पाहणार.

राम कृष्ण हरी.