भिंत एक, हक्क दोघांचे




पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नह्लमध्ये (आयत ८०) अल्लाह तआलाने आपल्या देणग्यांची आठवण करून देताना घराचा उल्लेख केला आहे. घरे ही त्याने मानवासाठी विसाव्याची जागा बनविली, असे तेथे सांगितले आहे. त्याच आयतीत लगेच जनावरांच्या कातड्यांपासून केलेल्या तंबूंचाही उल्लेख येतो. प्रवासाच्या आणि मुक्कामाच्या दिवशी हे तंबू हलके वाटतात, ही त्यांची खूण सांगितली आहे. पक्क्या भिंतींचे घर जशी अल्लाहची देणगी, तसाच आज येथे आणि उद्या दुसरीकडे उभा राहणारा तंबूही त्याचीच देणगी. म्हणून घर मालकीचे आहे की भाड्याचे, यावर त्यातील बरकत अवलंबून नाही. विसावा हेच घराचे प्रयोजन आहे. आपल्या वागण्याने शेजाऱ्याचा विसावा हिरावला जात असेल, तर त्या देणगीबद्दल जिभेने केलेली कृतज्ञता अपुरी आहे.

हा विषय आपल्या शिरूर आणि दौंड भागातील कुटुंबांच्या रोजच्या जगण्याशी निगडित आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी अनेक कुटुंबे शिरूर, कारेगाव, रांजणगाव येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. दौंड हे पुणे, सोलापूर आणि मनमाड या दिशांना जाणाऱ्या लोहमार्गांचे जंक्शन; राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या तेथे आहेत आणि कुरकुंभचे कारखानेही जवळच आहेत. कोणी बदलीवर आलेला, कोणी कंत्राटावर, कोणी मराठवाड्यातून पोटासाठी आलेला. एका अंगणात चार बिऱ्हाडे, सर्वांना मिळून एक जिना, एक पाण्याची टाकी, एक मोटार आणि एकच सांडपाण्याची वाट. अशा घरात एकाने भिंतीत खिळा ठोकला की दुसऱ्याच्या घरातील भांडे हलते. येथे धर्माची परीक्षा मशिदीत होते तशीच जिन्यावर आणि नळावरही होते.

प्रेषित मुहम्मद (स.) हिजरत करून मदीनेत आले, तेव्हा त्यांचे पहिले निवासस्थान कोणते होते, हे आपण आठवावे. ते स्वतःचे घर नव्हते. इ. स. ६२२ मध्ये मदीनेत आल्यावर ते हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी उतरले आणि मस्जिद व तिच्यालगतच्या खोल्या बांधून होईपर्यंत तेथेच राहिले. हा काळ सुमारे सात महिन्यांचा होता, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. घर दोन मजली होते. भेटीस येणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रेषितांनी (स.) खालचा मजला पसंत केला आणि यजमान वर राहिले. आपण प्रेषितांच्या (स.) डोक्यावरून चालतो आहोत, या विचाराने त्या दांपत्याला झोप लागेना, ते एका कोपऱ्यात सरकून रात्र काढीत. एके दिवशी वर पाण्याचा घडा फुटला. पाणी खाली ठिबकू नये म्हणून पती-पत्नीने घरातील एकमेव पांघरूण त्या पाण्यावर टाकून ते टिपून घेतले. पुढे अबू अय्यूब (रजि.) यांनी आग्रह केला आणि प्रेषित (स.) वरच्या मजल्यावर राहावयास गेले.

वाचकहो, या प्रसंगाकडे आपण बहुधा प्रेषितप्रेमाचा नमुना म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. परंतु त्यात एकत्र घराचा संपूर्ण शिष्टाचारही आहे. वर राहणाऱ्याने खाली राहणाऱ्याचा विचार करावा. आपल्या चुकीचे पाणी दुसऱ्याच्या छतातून ठिबकण्यापूर्वी आपले पांघरूण ओले करावे. आणि अडचण मनात कुढत न बसता ती आदराने समोर मांडून तोडगा काढावा. आज आपल्या मोरीतील पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या भिंतीत मुरते, तिला ओल येते, रंगाचे पोपडे पडतात, आणि आपण म्हणतो, "ते घरमालक पाहील." मालक पाहीलच, पण तोवर ज्या भिंतीशी एखादे लहान मूल झोपते, तिच्याविषयी आपल्याला विचारणा होणार नाही काय?

सहीह बुखारीत हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये एका जहाजाचा दाखला आहे. चिठ्ठ्या टाकून काहींच्या वाट्याला वरचा मजला आला, काहींच्या वाट्याला खालचा. पाणी आणण्यासाठी खालच्यांना वरच्यांमधून जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात एक छिद्र पाडण्याचे ठरविले. हेतू वाईट नव्हता. परंतु त्यांना तसे करू दिले असते तर सर्वच बुडाले असते. आणि त्यांचा हात धरला गेला तर सर्वच वाचले. हा दाखला समाजातील वाईटाला रोखण्यासंबंधी आहे. तरी घराची दुरुस्ती करणाऱ्यानेही तो मनाशी बाळगावा. आपल्या खोलीपुरता म्हणून केलेला बदल खरोखर आपल्या खोलीपुरताच असतो काय? सामाईक जलवाहिनीला थेट मोटार जोडली की शेवटच्या घराचा नळ कोरडा पडतो. सोयीसाठी वायरीला वायर जोडून फ्रिज व इस्त्री चालविली की आग साऱ्या इमारतीला लागू शकते. गच्चीवर पत्र्याचा आडोसा नीट न बांधता उभा केला की वळवाच्या वाऱ्यात तो कोणाच्या अंगावर पडेल, हे सांगता येत नाही.

याउलट, शेजाऱ्याच्या गरजेपुढे आडमुठेपणा करणेही इस्लामला मान्य नाही. आपल्या भिंतीत लाकडी तुळई बसवू देण्यास कोणीही आपल्या शेजाऱ्याला नकार देऊ नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितली आहे, ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. इमाम अहमद (रह.) यांनी ही परवानगी देणे बंधनकारक मानले, तर इतर अनेक फिकहशास्त्र्यांनी तिला उत्तम आचरण म्हटले. मतभेद बंधनाच्या प्रमाणाविषयी आहे, उदारतेविषयी नाही. कोणाचा कपडे वाळविण्याचा दोर आपल्या खांबाला बांधला गेला, कोणाच्या पाइपला आपल्या भिंतीचा आधार लागला, तर त्यात आपले काय घटते? सूरह अल्-माऊनमध्ये रोजच्या वापरातील क्षुल्लक वस्तूही न देणाऱ्यांचा निषेध आला आहे, आणि तो नमाजविषयी गाफील असणाऱ्यांच्या उल्लेखापाठोपाठ आला आहे. शिडी, हातोडी, पाना, बादली मागणाऱ्या शेजाऱ्याला दारातूनच परत पाठविताना ही सूरह आठवावी.

आता भाडेकरूच्या जबाबदारीकडे वळू या. भाड्याचे घर ही अमानत आहे. भाडे देऊन आपण त्या घराचा वापर विकत घेतो. भिंती, दारे आणि जमीन मालकाचीच राहतात. म्हणून भिंत फोडणे, नवा ओटा बांधणे, कपाटासाठी कोनाडा काढणे, यांपूर्वी मालकाची संमती घेणे हा सभ्यतेचा तसाच शरीअतचाही प्रश्न आहे. संमती तोंडी न ठेवता लिहून घ्यावी. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत किती तपशीलाने आला आहे! आपल्या राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाही भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा, असे सांगतो. घर दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमचे बांधकाम करू नये, हेही त्यात आहे. आपण मात्र "आपलाच माणूस आहे" म्हणून कागद टाळतो, आणि वर्षभराने रंगाचा खर्च कोणी करावयाचा, यावरून त्याच आपल्या माणसाशी सलाम-दुआ बंद होते.

मालक असलेल्या वाचकांनीही स्वतःला विचारावे. पावसाळ्यापूर्वी पत्रा पाहिला काय? भाडे वेळेवर घेतो, पण गळती वेळेवर थांबवितो काय? सबमीटरवर विजेचा दर लावताना आपण बिलापेक्षा अधिक तर घेत नाही ना? घेताना पुरेपूर मोजून घ्यावयाचे आणि देताना कमी द्यावयाचे, अशा लोकांच्या विनाशाची घोषणा सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभीच आहे. तराजूच्या जागी मीटर आला म्हणून तो आदेश बदलत नाही. घर सोडणाऱ्याची अनामत रक्कम निरनिराळी निमित्ते काढून अडवून धरणे हे दुसऱ्याचा माल अन्यायाने खाणे आहे. मस्जिदे नबवीची जागा दोन अनाथ मुलांची होती. ती विनामूल्य देऊ केली असताही प्रेषितांनी (स.) ती मोबदला देऊन घेतली. मशिदीसाठी जेथे मोबदला चुकविला गेला नाही, तेथे एका कामगाराचे दोन महिन्यांचे भाडे दडपून आपण कोणते घर उभारणार?

एकत्र घरात वस्तूंपेक्षाही नाजूक गोष्ट म्हणजे एकांत. परवानगी व सलाम यांशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये आणि परत जा म्हटल्यास परत फिरावे, हा सूरह अन्-नूरचा आदेश (आयती २७ व २८) जेथे सर्वांची दारे एकाच ओसरीवर उघडतात, तेथे अधिकच लागू होतो. त्याच सूरहमध्ये (आयत ५८) फजरपूर्वी, दुपारी आणि इशानंतर अशा तीन विसाव्याच्या वेळा सांगितल्या आहेत, ज्या वेळी घरातील मुलांनीही विचारूनच आत यावे. दारावर पडदा, खिडकीला जाळी, न्हाणीला नीट लागणारी कडी, या गोष्टी कमी खर्चाच्या आहेत. पण घरातील स्त्रियांना त्यांमुळे जो निर्धास्तपणा मिळतो, तो संगमरवरी फरशीने मिळत नाही. घर सुधारावयाचे असेल तर आरंभ येथून करावा.

विसाव्याच्या वेळा आता पाळ्यांप्रमाणे बदलल्या आहेत. कोणी रांजणगावहून रात्रपाळी करून सकाळी परततो, कोणी रेल्वेच्या कामावरून अवेळी घरी येतो. त्याची रात्र आपल्या दिवसात असते. ड्रिल चालविण्यापूर्वी, फरशी कापण्यापूर्वी शेजारी विचारून यावे: "भाऊ, किती वाजता केले तर चालेल?" हा एक प्रश्न अनेक भांडणे वाचवितो. नमाज, रोजा आणि दानधर्म यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, पण जिभेने शेजाऱ्यांना त्रास देणाऱ्या एका स्त्रीविषयी प्रेषितांना (स.) विचारले गेले. ती नरकात जाईल, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या एका स्त्रीची नफल इबादत थोडी होती, पण ती शेजाऱ्यांना त्रास देत नसे. तिच्याविषयी स्वर्गाची वार्ता दिली. आपल्या तहज्जुदच्या गणतीइतकीच शेजाऱ्याच्या झोपेची गणतीही होणार आहे.

आणि हा शेजारी कोणीही असू शकतो. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठविला की नाही, हे त्यांनी पुन्हा विचारले, कारण शेजाऱ्याच्या हक्काविषयी जिब्रील (अ.) यांनी इतके बजावले की तो वारसदार ठरतो की काय असे वाटावे, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. नाव ऐकताच घर नाकारले जाण्याचा कडवट अनुभव आपल्यातील अनेक कुटुंबांना आहे. त्या अनुभवाचे उत्तर आपल्या दारी आलेल्या परप्रांतीय किंवा परधर्मीय भाडेकरूला नकार देऊन देता येत नाही. ज्या घरात आपण राहिलो, त्या घराचा मालक आणि शेजारी पुढे कोणा मुस्लिम कुटुंबाला निःशंकपणे खोली देतील, असे आपले वागणे असावे. हे दावतचे मूक काम आहे.

घराची कामे केवळ घरच्या स्त्रियांची आहेत, असेही कोणी समजू नये. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ होताच उठून जात, स्वतःची चप्पल सांधणे, कपड्याला टाका घालणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनांतून आपल्याला कळते. सुट्टीच्या दिवशी नळाचा वायसर बदलणे, माठाखालची जागा धुणे, सामाईक जिना आपली पाळी नसतानाही झाडून काढणे, ही कामे या सुन्नतच्या वाटेवरची आहेत. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा सांगितली गेली आहे, आणि जिना हीही एक वाटच आहे.

शेवटी, एक दिवस खोली सोडावी लागते. त्या दिवशी भिंतीतील खिळ्यांची भोके बुजवावीत, वीजबिल चुकते करावे, मोरी घासून द्यावी, किल्ली स्वतः मालकाच्या हाती ठेवावी, आणि शेजाऱ्यांकडून झाले-गेले माफ करवून घ्यावे. जग हेही असेच काही काळासाठी मिळालेले घर आहे. त्याची किल्ली परत करावयाचा दिवस आपल्याला माहीत नाही. ज्याची भिंत आपण ओली केली, तो माणूस मात्र त्या दिवशी समोर उभा असेल.

हे अल्लाह! आमची घरे, मग ती मालकीची असोत वा भाड्याची, विसाव्याची घरे बनव. आमच्या हातून आणि जिभेतून आमच्या शेजाऱ्यांना सुरक्षित ठेव. आम्हाला अमानत जपणारे भाडेकरू आणि न्यायाने वागणारे मालक बनव. ज्यांना डोक्यावर छप्पर नाही, त्यांना छप्पर दे, आणि आम्हाला त्यांच्या उपयोगी पडण्याची सद्बुद्धी दे. आमीन.